कंसातलं मोठ्याने वाचू नये

भिवंडी,
शुक्रवार, १५ फेब्रुवारी २००८

ती. कमळा आत्या,

साष्टांग नमस्कार. नऊ किलोमीटर अंतरावरून घातलेला आहे, तरी तो पूर्ण धरावा. तुझी कंबर, तुझा खोकला आणि डाव्या हाताला येणाऱ्या मुंग्या यांची चौकशी मी फोनवरच करणार होते. गेल्या तीन आठवड्यांत मी नऊ वेळा फोन केला. नऊही वेळा रीमा वहिनीने रिसिव्हर तुझ्या कानाला लावला आणि नऊही वेळा तू "आवाज येत न्हाय" म्हणून तो तिला परत दिलास. दहाव्या वेळी फोन करण्याऐवजी मी टेलिफोनवाल्याकडे तक्रार नोंदवली. तो अंजूरला जाऊन आला आणि म्हणाला की लाइन उत्तम आहे, बाकीचं घरात मिटवा. म्हणून पत्र. पत्राला हॅलो म्हणावं लागत नाही आणि ते मध्येच कट करता येत नाही. तुझा चष्मा नेहमीप्रमाणे सापडत नसेल, तेव्हा हे रीमा वहिनी तुला वाचून दाखवेल. तीही बरी असेल अशी आशा आहे.

(रीमा वहिनी, हा कंस मनात वाच. या पत्रात जिथे जिथे असा कंस उघडेल तिथे मोठ्याने वाचणं थांबवायचं, आणि तो बंद झाला की पुढे सुरू करायचं. कंसाबाहेरचं तुझ्या सासूबाईंसाठी आहे, आतलं तुझ्यासाठी. मध्येच गप्प का झालीस असं आत्याने विचारलं, तर उन्नतीचं अक्षर लागत नाही म्हणून सांग. माझं अक्षर छापल्यासारखं आहे हे तिला कळायचं काही कारण नाही.)

प्रजासत्ताक दिनाला शाळेच्या स्नेहसंमेलनात जे झालं ते कसं झालं, हे तुला कुणी नीट सांगितलं नसणार. मी क्रमाने सांगते. क्रमाने सांगणं एवढी एकच गोष्ट मला चांगली येते.

मी वळ गावच्या शाळेत संगणक शिकवते हे तुला माहीत आहे. म्हणजे शाळेत पाच संगणक आहेत, त्यातले तीन चालतात, त्या तिनांपैकी दोनांना माउस आहे, आणि वीज असेल तेव्हा मी शिकवते. नोव्हेंबरात मराठीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. आमचे मुख्याध्यापक रामनाथ सर यांनी सगळ्यांची वेळापत्रकं समोर पसरली आणि सर्वांत रिकामं माणूस म्हणून मी निघाले, कारण भारनियमनाच्या वेळात संगणकाची शिक्षिका ही नुसती खुर्चीवर बसलेली बाई असते. आठवीचं मराठी माझ्याकडे आलं. मी सरांना म्हटलं की माझा डिप्लोमा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा आहे. सर म्हणाले, पण बोलता मराठीच ना. मी खडू घेऊन वर्गावर गेले.

पहिली कविता मी फळ्यावर फ्लोचार्ट काढून शिकवली. वर एक लांबट गोल, त्यात 'सुरुवात'. खाली चौकोन, त्यात 'कवीला नदी दिसते'. त्याखाली शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट, त्यात प्रश्न: 'कवीला आईची आठवण येते का?' येत असल्यास बाण उजवीकडे, नसल्यास पुढचं कडवं. पंचेचाळीस मुलांनी तो पट्टी घेऊन वहीत उतरवला. मुलांना कविता आवडली असं मला म्हणता येणार नाही, पण रेघा सरळ आल्या. गोदू म्हणून एक मुलगी आहे, तुमच्या अंजूरचीच. पहिल्या बाकावर बसते आणि हात वर न करता बोलते. तिने विचारलं की बाई, दर कडव्यानंतर तीच ओळ परत परत कशाला येते. मी तिला समजेल असं उत्तर दिलं.

(वहिनी, मी सांगितलं, "पान भरावं म्हणून." मुलांनी तेही लिहून घेतलं, पट्टी न घेता.)

डिसेंबरात तालुक्याहून पत्रक आलं. प्रत्येक शाळेने 'स्थानिक परंपरा आणि संगणक यांच्या साहाय्याने साहित्याचे अध्यापन' असा उपक्रम करून तो स्नेहसंमेलनात अधिकाऱ्यांसमोर सादर करावा. रामनाथ सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "संगणक तुम्ही, साहित्य तुम्ही. परंपरा तेवढी कुठून तरी आणा." परंपरा लांबून आणायची गरज नव्हती. खाडीकाठच्या पाच-सहा गावांत हळदीपासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, जिला तोंडपाठ आहे, जिच्या गाण्याशिवाय भटजी आला तरी लग्न लागलं असं कुणी मानत नाही, ती धवलारीण माझी सख्खी आत्या आहे, हे मी सरांना अभिमानाने सांगितलं.

(वहिनी, अभिमानाने हा शब्द मी आत्ता घातला. कॉलेजच्या तीन वर्षांत मी मैत्रिणींना 'माझी आत्या घरीच असते' एवढंच सांगत होते. सरांना सांगताना आधी दार लावून घेतलं.)

त्याच आठवड्यात केसरीनाथशेठच्या मनोजचं लग्न होतं. शेठ म्हणजे ज्यांच्या शेतांची गोदामं झाली आणि ज्यांनी शाळेला ते पाच संगणक दिले, तेच. तू त्यांच्या मांडवात गाणार होतीस. मी तुला रेकॉर्डिंगचं विचारणारच होते, पण तू सारखी कामात होतीस.

(विचारणार नव्हते. विचारलं असतं तर ती "धवला काय डब्यात भरायचा हाय?" म्हणाली असती, आणि मला नकार ऐकायची सवय नाही. मी मोबाइल हळदीच्या ताटाशेजारी नारळांच्या आड ठेवला आणि वर आंब्याचा टहाळा टाकला. माझ्या आयुष्यातली आजवरची ही एकमेव चोरी, आणि ती मी सगळ्या बायकांच्या देखत केली. बायकांना वाटलं मी मांडवाच्या कामाला लागले. एकीने माझ्या आईला सांगितलंसुद्धा की पोरगी सुधारली.)

रेकॉर्डिंग सत्तेचाळीस मिनिटांचं झालं. त्यात तुझा धवला होता. तुझा खोकला एकोणीस वेळा होता. "अगो, हळद कुठं ठेवलीस" तीन वेळा होतं. तू प्रत्येक ओळ म्हटलीस की तीच ओळ तुझ्यामागे बसून परत म्हणणाऱ्या तुझ्या जोडीदारीण पुतळाबाई होत्या. शिवाय बाहेर अंगणात डीजेवाला आपले डबे जोडत होता, तोही होता. एवढं सगळं मुलांना तासाला ऐकवता येणार नव्हतं. तेव्हा संगणकाने ते साफ करून सहा मिनिटं बारा सेकंदांचं केलं.

(वहिनी, संगणक आपणहून काही साफ करत नाही. तो हाताने पुसायचा एक फडकाच आहे. मी केलं. रविवारी सकाळी नऊ ते दुपारी चार, जेवणसुद्धा टेबलावरच. आधी खोकला काढला, मग हळद. मग मेढीच्या गाण्याशी आले. मांडवाची मेढ रोवताना आत्या म्हणते, "मेढ कुनी रोवली गो, मेढ कुनी रोवली, बापानं रोवली गो, केसरीनाथानं रोवली." मग तेच काकाच्या नावाने. मग दुसऱ्या काकाच्या. मग आत्या, तिचा नवरा, मावशा, मामा, असं करत तेवीस नावं. मी कागदावर मांडून बघितलं: रचना एक, चाल एक, शब्द तेच, फक्त नाव बदलतं. आमच्या शिक्षणात याला अनावश्यक पुनरावृत्ती म्हणतात आणि ती काढली की शिक्षक पाठ थोपटतात. एक नाव नमुना म्हणून ठेवलं आणि बावीस काढली. पुतळाबाई तर मुळापासून गेल्या. मी त्यांना प्रतिध्वनी धरलं होतं.)

कार्यक्रमाच्या दिवशी तुला पहिल्या रांगेत बसवून शाल दिली, ते तुला आठवत असेल. पडद्यावर मांडवाचं चित्र आलं, अक्षरं उडत उडत येऊन ओळीत बसली, आणि लग्नातल्याच त्या डीजेवाल्याच्या चार मोठ्या स्पीकरांतून तुझा आवाज सुरू झाला. तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मनोजच्या मांडवात तुझा धवला कुणी ऐकलाच नव्हता. पुरुष बाहेर जेवणावळीच्या गडबडीत, तरुण पोरं डीजेपाशी, बायका साड्यांपाशी. तू गात होतीस आणि लग्न आपलं लागत होतं. इथे मात्र चारशे माणसं हात बांधून बसली होती, पुढे अधिकारी होते आणि उठून जायला वाट नव्हती. सगळ्या गावाने धवला नीट ऐकला तो बहुधा त्या संध्याकाळी प्रथमच.

बाप केसरीनाथाने मेढ रोवली. आणि लगेच पुढच्या सेकंदाला हळद कुटायचं गाणं सुरू झालं.

सहा मिनिटं बारा सेकंदांनी दिवे लागले. अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिसऱ्या रांगेतून केसरीनाथशेठचे मेहुणे, म्हणजे मनोजचे सख्खे मामा लडकू, उभे राहिले. टोपी नीट केली आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "म्हंजे मांडवात मी नव्हतूच." आणि चालू लागले. मागोमाग मामी. मग शेठचे धाकटे भाऊ चंद्रा. मग शेठची बहीण. संगणकाने जितकी नावं गाळली होती तितकी माणसं एकेक करून मंडपाबाहेर गेली. राहिलेल्या बायका तुझ्याकडे बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, कमळाला आता नावं आठवत न्हाईत. कुणीतरी म्हणालं, आठवतात, पन शेठपुरती. तू उठलीस. शालीची घडी केलीस, खुर्चीवर ठेवलीस आणि घरी गेलीस. मी ताबडतोब माइकवरून खुलासा केला की हा तांत्रिक बिघाड आहे.

(माइक माझ्या हातात होता, वहिनी. चालू होता, बॅटरी भरलेली होती, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. मी स्वतः दुपारी तपासला होता. 'मी कापलं' हे दोन शब्द पुरे होते. त्याऐवजी मी म्हणाले, 'तांत्रिक बिघाडाबद्दल क्षमस्व.' माझा चेहरा अशा वेळी फार शांत दिसतो, त्यामुळे लोकांचा विश्वास बसला की बिघाड झाला असेल तर तो कमळाबाईत झाला असेल. ही पोरगी आणि तिची मशीन दोन्ही ठीक दिसतात. आणि शेवट ऐक. आमच्या उपक्रमाला तालुक्यात पहिला नंबर मिळाला. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलंय: 'आटोपशीर'.)

त्यानंतर दोन घरांनी आपल्या लग्नाला दुसरी धवलारीण बोलावली, हे मला आईकडून कळलं. पुतळाबाईंचे गुडघे धरलेत आणि त्या आता कुठेच बसायला जाणार नाहीत, हेही कळलं. मला वाईट वाटलं. संगणकाच्या बाबतीत असे प्रसंग येतात.

आता शाळेतलं ऐक, म्हणजे जरा बरं वाटेल. या सोमवारी आठवीला लोकगीतांचा धडा होता. मी मुलांना संगणकावर तुझा धवला ऐकवला. मुलांना आवडला. नंतर त्यांनी स्वतःही गायला. एकंदरीत तास चांगला झाला.

(वहिनी, हा कंस लांबणार आहे. आत्याला पाणी आणून दे आणि मग वाच.

सीडी लावली. केसरीनाथाने मेढ रोवली आणि गाणं हळदीवर गेलं. गोदू जागेवरून म्हणाली, "बाई, काका रायला." मी म्हटलं, काका गृहीत धरायचा, नमुन्यावरून कळतं. ती म्हणाली, "मंग तो बाहेरच उभा हाय ना." तेवढ्यात वीज गेली. अकरा चाळीस, वेळापत्रकाप्रमाणे. पंखा थांबला, पडदा काळा झाला, आणि खिडकीबाहेर गोदामाच्या भिंती असल्यामुळे आमच्या वर्गात दिवसासुद्धा एकमेकांची नुसती डोकी दिसतात. त्या अंधारात गोदूने काकाला आत घेतलं. "काकानं रोवली गो, नवशानं रोवली." नवशा तिचा खरा काका आहे. रिक्षा चालवतो. मागच्या बाकाने ती ओळ परत म्हटली. कुणी सांगितलं नव्हतं. एकीने म्हटलं की दुसऱ्यांनी परत म्हणायचं, हे त्यांना घरूनच माहीत होतं. मग दुसरीने तिचा चिंधू मामा आणला. तोही सगळ्यांनी परत म्हटला. मी टेबलाला टेकून उभी होते आणि मला एवढंच कळत होतं की पुतळाबाई प्रतिध्वनी नव्हत्या. एकट्याने घेतलेलं नाव चार जणींनी परत घेतलं की मग ते माणूस मांडवात येतं.

पॉवरलूमवाल्यांची एक मुलगी आहे, घरी हिंदी बोलते, मराठीच्या तासाला सहसा तोंड उघडत नाही. तिने विचारलं, "फूफा चलेगा क्या?" गोदूने क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "चलेल. पन आधी आत्या घे, मंग फूफा." फूफा आला. एकाने वारलेल्या आजोबांचं नाव घेतलं. वर्गाने ते तेवढ्याच आवाजात परत म्हटलं. घंटा झाली. भूगोलाचे सर दारात आले, थोडं ऐकलं, आणि तास मागायच्या ऐवजी आपल्या मोठ्या भावाचं नाव सांगून परत गेले. दोन तास झाले तरी यादी संपेना. मी मनात मोजत होते, कारण मोजल्याशिवाय मला राहवत नाही. एकशे बारापर्यंत मोजलं. मग गोदू म्हणाली, "बाई, तुमचं कोन?"

मला गाता येत नाही. मी हजेरी घेताना म्हणते तसं म्हटलं, "आत्यानं रोवली गो, कमळानं रोवली." त्यांनी ते चालीत परत म्हटलं.

वहिनी, त्या खोलीत तेव्हा एकही यंत्र चालू नव्हतं. दोष द्यायला काही म्हणजे काही नव्हतं.)

काल आणखी एक चांगली गोष्ट झाली. लडकू मामा शाळेत आले होते. त्यांच्या लेकीचं, मृणालीचं लग्न ठरलंय. संगणकाच्या बिघाडाबद्दल त्यांचा जो गैरसमज होता तो मी तांत्रिक माहिती देऊन दूर केला. आता त्यांच्या मनात तुझ्याबद्दल काही नाही.

(ते गैरसमज दूर करून घ्यायला आले नव्हते. ऑर्डर द्यायला आले होते. हातात मृणालीची लग्नपत्रिका, आणि तिच्या पाठीवर बारीक अक्षरात त्र्याऐंशी नावं. म्हणाले, "कमळाबायचा आवाज हायच तुझ्या डब्यात. त्यात माझी मानसं टाक. माझं नाव तीनदा टाक. मंग तिला बोलवायची कटकट नको." आणि वहिनी, हे करता येतं. आत्याच्या सत्तेचाळीस मिनिटांत मराठीतली जवळजवळ सगळी अक्षरं आहेत. ती सुटी करून जोडली की कुणाचंही नाव तिच्या आवाजात तयार होतं. चार दिवसांचं काम. मी तुला खरं सांगते, मी नाही म्हणायच्या आधी संगणक चालू केला होता. 'ल' सापडलाही होता, लवंगेतला.

मग मला दिसलं की मृणालीच्या मांडवात हा डबा वाजेल आणि आत्या अंजूरला घरात बसून चार स्पीकरांतून स्वतःचा आवाज ऐकेल. मी माउसवरून हात काढला.

"मामा, तुमचं नाव मी कापलं," मी म्हणाले.

"तू?"

"मी. मशीनने नाही. आत्याने घेतलं होतं, एकतिसाव्या मिनिटाला. सगळ्यांची घेतली होती."

 मला वाटलं, आता शेठकडे जातील, शेठ सरांकडे, आणि सोमवारपासून मी खरोखरच रिकामं माणूस. मग त्यांनी विचारलं, "चंद्राच्या आधी का नंतर?"

"नंतर. काका आधी, मग मामा."

"बराबर," ते म्हणाले. "ऐकव."

मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. मी जगातलं काहीही पुसत नाही, फक्त लोकांना दाखवायच्या प्रतीतून काढते. पण एक अडचण होती जी मला माहीत होती आणि त्यांना नव्हती. एकतिसाव्या मिनिटालाच बाहेर डीजेवाल्याचे डबे जोडून झाले होते, आणि आत्या "मामानं रोवली गो" म्हणते तोच त्याने "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" सुरू केलं. पुढचं नाव त्या हॅलोखाली गेलंय. ते वर काढता येत नाही. मी प्रयत्न केलाय. तरी लावलं. मामांनी टोपी काढली आणि स्पीकरला कान लावला. एकदा ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा डोळे मिटले. मला प्रत्येक वेळी फक्त हॅलो ऐकू आलं. चौथ्यांदा ऐकून ते सरळ झाले.

"हाय," ते म्हणाले. "नाव हाय माझं."

अशा वेळी माझ्यासारखीने सांगायला हवं की तो आवाज तिथे सापडणं शक्य नाही. मी गप्प बसले. माझ्या नोकरीत मी केलेलं सर्वांत अशास्त्रीय काम ते असावं. त्यांनी पत्रिका माझ्या टेबलावर ठेवली, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "कमळाबायला सांग, मृणालीची हळद एक मार्चला हाय. मीच बोलवायला जानार व्हतू, पन ती मला बी आवाज येत न्हाय म्हनंल.")

बाकी सर्व ठीक. आईचा पाय बरा आहे. बाबांनी नवीन सायकल घेतली आहे आणि ती कुणाला देत नाहीत. वहिनीला आणि घरातल्या सर्वांना नमस्कार. चूकभूल असल्यास ती संगणकाची समजावी.

तुझी,
उन्नती

ता. क. १ : एक किरकोळ गोष्ट राहिली. मृणालीच्या मांडवात त्र्याऐंशी नावं आहेत आणि पुतळाबाई बसणार नाहीत, तेव्हा तुझ्यामागे ओळ परत म्हणायला कुणीतरी लागेल. मला आवाज नाही, चाल नाही, आणि चारचौघांत बसले की माझी पाठ ताठ होते, हे तू लहानपणापासून बघतेस. पण ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं हे मला जमेल. माझं शिक्षणच ते आहे. मला मागे बसू देशील का? मोबाइल घरी ठेवून येईन. आठवीची पोरंही यायचं म्हणतायत. त्यांनी नावं पाठ करायला घेतलीत, मामांनी यादी दिलीय. खोकला आला तर खोक. काही काढणार नाही.

ता. क. २ : रीमा वहिनी, आता मागे जा आणि कंसातलं सगळं मोठ्याने वाच. पहिल्यापासून. माझ्या बाजूने काही सांभाळून घेऊ नकोस. "चूकभूल संगणकाची" हे वाक्य मात्र खोडून टाक, ते कंसाबाहेर असलं तरी.

ता. क. ३ : शनिवार, शाळेतून. आत्या, पत्र पोस्टात टाकणार होते, पण गोदू म्हणाली की ती शाळा सुटल्यावर अंजूरला जातेच आहे, तुझ्या हातात देईल. मी तिला बजावलं की तुझ्या हातात नको, रीमा वहिनीच्या हातात दे, वाचायचं तिला आहे. तेव्हा ती माझ्याकडे फ्लोचार्टकडे बघायची तशी बघत राहिली. तिच्या म्हणण्याप्रमाणे तू रोज सकाळी त्यांच्या ओटीवर बसून तिच्या बापाच्या आधी पेपर वाचतेस, जाहिरातींसकट, आणि चष्म्याशिवाय. चष्मा सापडत नाही तो फक्त घरच्या कुणी लिहिलेलं घरच्याच माणसाच्या तोंडून, त्याचा चेहरा बघत ऐकायचं असेल तेव्हा. म्हणजे वहिनी वाचते आहे की तू तिच्या खांद्यावरून, याने आता काही फरक पडत नाही. इथपर्यंत येईतो सगळे कंस तू वाचलेले आहेस.

मी हे पत्र पुन्हा लिहायला दुसरा कागद घेतला होता. पण पुन्हा लिहायला बसले तर मी त्यातलं काहीतरी नक्की काढीन. तेव्हा आहे तसंच पाठवते.